सहाव्या जागेचे शेजारी

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शिकवताना एक वाक्य हमखास येतं: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येतं, मग हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांबच लांब तंतू तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाक्य बरोबर आहे आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळतात. नागपुरात जीवरसायनशास्त्र शिकवायचं म्हणजे हा विषय नुसता पुस्तकात राहत नाही. वर्गात एएस म्हणजे वाहक असलेली मुलं असतात, कुणाच्या घरी एसएस, म्हणजे आजार असलेला भाऊ किंवा बहीण असते. अशाच एका मुलीने विचारलं, "मॅडम, व्हॅलिन चिकटतं म्हणजे नेमकं कोणाला चिकटतं?"

शेजारच्या रेणूतल्या ८५व्या फेनिलअॅलनिनला आणि ८८व्या ल्युसिनला, असं मी सांगितलं. हे पुस्तकात आहे. पण स्वतः अंतरं मोजून मी ते कधी पाहिलं नव्हतं, आणि मोजायला लागतं ते सगळं तर फुकट उपलब्ध आहे. प्रथिनांतल्या अणूंच्या जागा नोंदवणारी प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाली; आज तिथे दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि कोणीही त्या उतरवून घेऊ शकतं. साधा लॅपटॉप पुरतो. म्हटलं, बसू या.

तीन फाइली लागणार होत्या. पहिली ४एचएचबी, म्हणजे ऑक्सिजन सोडलेलं नेहमीचं हिमोग्लोबिन. मॅक्स पेरुट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रचना १.७४ अँगस्ट्रॉम रेझोल्यूशनची आहे (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग; आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट). दुसरी १एचएचओ, ऑक्सिजन धरलेलं रूप, १९८३ चं. आणि तिसरी २एचबीएस, म्हणजे सिकलसेलचंच ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन, १९९७ मध्ये २.०५ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट झालेलं. पहिल्या दोघींची इथे गरज काय, असं एखाद्याला वाटेल. माझ्या मते गरज होती. अंतरं मोजणाऱ्या ज्या स्क्रिप्टला, म्हणजे छोट्या संगणक-प्रोग्रामला, नेहमीच्या हिमोग्लोबिनमधले गेली पन्नास वर्षं माहीत असलेले बंध सापडत नाहीत, तिने सिकलसेलबद्दल काहीही सांगितलं तरी मी विश्वास ठेवणार नाही.

फाइल उघडून पाहिली तर आत नुसते आकडे. प्रत्येक अणूला एक ओळ: अणूचं नाव, अमिनो आम्लाचं तीन अक्षरी नाव, साखळीचं अक्षर, क्रमांक, मग एक्स, वाय, झेड, आणि शेवटी तो अणू जागेवर किती स्थिर दिसला याचा बी-फॅक्टर. अमुक रेसिड्यूचा, म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लाचा, तमुक रेसिड्यूशी संपर्क आहे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. ते आपण ठरवायचं आणि आपणच मोजायचं.

ठरवायचं कसं, यावर माझा बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. संपर्काच्या प्रचलित व्याख्या तीन-चार आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे दोन अमिनो आम्लांच्या अल्फा कार्बनमधलं (मुख्य साखळीतला, बाजूची साखळी जिथून फुटते तो कार्बन) अंतर आठ अँगस्ट्रॉमच्या आत असलं की संपर्क. दुसरीत अल्फाऐवजी बीटा कार्बन, म्हणजे बाजूच्या साखळीतला पहिला कार्बन घेतात, आणि ग्लायसिनला बीटा कार्बनच नसल्याने त्याच्यापुरता अल्फा. रचनांची भाकितं तपासण्यासाठी १९९४ पासून दर दोन वर्षांनी सीएएसपी ही स्पर्धा होते, तिथे ही बीटा-कार्बनची व्याख्या चालते. तिसरी म्हणजे दोन्हींचे कोणतेही दोन जड (हायड्रोजन सोडून बाकीचे) अणू साडेचार किंवा पाच अँगस्ट्रॉमच्या आत. चौथीत प्रत्येक अणूची व्हॅन डर वाल्स त्रिज्या घेऊन दोन अणूंचे पृष्ठभाग एकमेकांना टेकतात का ते पाहतात. रचना दाखवणाऱ्या कायमेराएक्स या सॉफ्टवेअरमधली संपर्क शोधणारी आज्ञा याच तत्त्वावर चालते.

अल्फा कार्बनवाली व्याख्या मी लगेच बाद केली. आर्जिनिन आणि ग्लुटामिक आम्ल दोन्ही लांब हातांची असतात. त्यांचे अल्फा कार्बन दहा-अकरा अँगस्ट्रॉम लांब असूनही टोकं एकमेकांना घट्ट धरून असू शकतात, आणि तो बंध या व्याख्येतून निसटतो. उलट दोन अल्फा कार्बन सात अँगस्ट्रॉमवर असून दोघांच्या बाजूच्या साखळ्या विरुद्ध दिशांना गेलेल्या असल्या, तरी संपर्क म्हणून त्यांची नोंद होते. साखळीची घडी ढोबळमानाने कशी आहे हे बघायला ती व्याख्या चालेल. मला मात्र कोण कोणाला टेकतंय हेच हवं होतं. म्हणून जड अणू आणि ४.५ अँगस्ट्रॉम ही मर्यादा घेतली. हायड्रोजन मोजले नाहीत, कारण एवढ्या रेझोल्यूशनच्या क्ष-किरण रचनेत ते दिसतच नाहीत. त्यावर आणखी दोन चाळण्या: नायट्रोजन-ऑक्सिजन किंवा दोन ऑक्सिजनमधलं अंतर ३.५ च्या आत असेल तर हायड्रोजन बंधाचा उमेदवार, आणि विरुद्ध भारांचे अणू ४ च्या आत असतील तर साल्ट ब्रिज.

मर्यादेबद्दल एक सांगते. ३.९८ ला साल्ट ब्रिज आहे आणि ४.०२ ला नाही, असं स्क्रिप्ट बेधडक सांगते. दोन अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या रचनेत अणूच्या जागेतच दशांश दोन-तीन अँगस्ट्रॉमची अनिश्चितता असू शकते, पृष्ठभागावरच्या हलत्या टोकांची त्याहून जास्त. म्हणून "आहे" किंवा "नाही" एवढंच लिहिणारी यादी मी केली नाही. प्रत्येक जोडीपुढे अंतर, कोणते दोन अणू, आणि दोघांचे बी-फॅक्टर ठेवले. यादी लांबते, पण नंतर भांडायला पुरावा हाताशी राहतो.

हिमोग्लोबिनच्या एका टेट्रामरमध्ये, म्हणजे चार साखळ्यांच्या पूर्ण रेणूत, १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ च्या दोन बीटा साखळ्या, म्हणजे एकूण ५७४ अमिनो आम्लं. जड अणू साडेचार हजारांच्या आसपास. प्रत्येकाचं प्रत्येकाशी अंतर काढायचं तर जवळपास एक कोटी जोड्या होतात. आजच्या संगणकाला ते जड नाही, पण बायोपायथॉन या तयार संगणक-संचातलं नेबरसर्च अणूंची अवकाशात आधीच विभागणी करून ठेवतं आणि फक्त जवळचे तपासतं, त्यामुळे सेकंदा-दोन सेकंदांत यादी समोर येते. ती यादी तशीच्या तशी निरुपयोगी असते. निम्म्याहून जास्त भरणा साखळीत लागूनच असलेल्यांचा. रांगेत शेजारी उभे असलेले एकमेकांना टेकतात यात बातमी कसली? शिवाय हिमोग्लोबिनचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग हेलिक्सचा, म्हणजे मळसूत्रासारख्या पिळाचा, त्यामुळे प्रत्येक रेसिड्यू आपल्यापुढच्या तिसऱ्या-चौथ्याला धरून असतो. एकाच साखळीत क्रमांकांचा फरक पाचापेक्षा कमी असलेल्या जोड्या मी वगळल्या. पाण्याचे रेणू वेगळे काढले. लोह असलेला हीम गटही वेगळा काढला, नाहीतर तो एकटाच यादीत डझनावारी शेजारी गोळा करून बसतो. एखाद्या बाजूच्या साखळीच्या दोन पर्यायी जागा नोंदलेल्या असतील तर जास्त ऑक्युपन्सीची, म्हणजे जास्त रेणूंत दिसलेली, एकच ठेवली.

क्रमांकांचा घोळ आधीच निस्तरून घेतलेला बरा. जनुकाच्या हिशेबात सुरुवातीचं मेथिओनिन पहिलं धरतात, पण तयार प्रथिनात ते उरत नाही. म्हणून हल्लीच्या जनुकीय अहवालात तोच बदल ७ क्रमांकावर लिहिलेला असतो आणि पुस्तकांत व रचनांच्या फाइलींत ६ वर. रुग्ण एकच, बदल एकच. दुसरं म्हणजे, साखळीचं अक्षर सोडून नुसता क्रमांक कधीही लिहू नये. अल्फा साखळीतलं ८७ म्हणजे लोहाला धरणारं हिस्टिडीन, ज्याच्यावाचून हिमोग्लोबिन चालणारच नाही. बीटा साखळीत ८७ ला साधं थ्रिओनिन आहे. या बीटा ८७ कडे मी पुढे येणारच आहे.

मग ४एचएचबीवर स्क्रिप्ट चालवली. ए आणि सी अल्फा, बी आणि डी बीटा. वेगवेगळ्या साखळ्यांमधल्या जोड्या तेवढ्या मागितल्या. ए-बी आणि सी-डी या जोड्यांत संपर्क भरपूर. या दोन जोड्या एकत्रच राहतात. ए-डी, बी-सी आणि ए-सी यांच्यात त्याहून कमी, पण खरी गंमत तिथे. ए साखळीचं शेवटचं आर्जिनिन, क्रमांक १४१, सी साखळीच्या १२६व्या अॅस्पार्टिक आम्लाला आणि १२७व्या लायसिनला धरून बसलेलं. बी साखळीचं शेवटचं हिस्टिडीन १४६: त्याचं कार्बॉक्सिल टोक सी साखळीच्या ४०व्या लायसिनवर आणि बाजूचं वलय आपल्याच साखळीच्या ९४व्या अॅस्पार्टिक आम्लावर. ए साखळीचं टायरोसिन ४२ आणि डी साखळीचं अॅस्पार्टिक आम्ल ९९ यांच्यात हायड्रोजन बंध. पेरुट्झनी सांगितलेले साल्ट ब्रिज एकेक करून माझ्या यादीत उतरत होते. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेल्या त्या तुटक रेषांना आता अणूंची नावं आणि अंतरं मिळाली होती.

१एचएचओ घेतली तेव्हा मात्र यादीत ए-डी नाही, बी-सी नाही; नुसतं ए-बी. कारण फाइलीत दोनच साखळ्या आहेत. स्फटिकाच्या सममितीत अर्धा रेणू दिला की उरलेला अर्धा अक्षाभोवती फिरवून मिळतो, म्हणून नोंद अर्ध्याचीच करतात. पूर्ण टेट्रामर हवा असेल तर जैविक रूपाची, म्हणजे बायॉलॉजिकल असेंब्लीची वेगळी फाइल घ्यावी लागते. हे विद्यार्थ्यांना मी आता पहिल्याच तासाला सांगते, कारण इथे स्क्रिप्ट चुकत नाही, कुठलाही इशारा येत नाही आणि उत्तर येतं शून्य संपर्क. शून्य हे उत्तर छान स्वच्छ दिसतं, म्हणून त्याचा धोका जास्त.

पूर्ण टेट्रामर घेतल्यावर दोन याद्या शेजारी ठेवल्या आणि एकीतून दुसरी वजा केली. ऑक्सिजन धरलं की ए-बी ही जोडी सी-डीच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरते. जोड्यांच्या आतले संपर्क जवळपास तसेच राहतात. बदल होतो तो ए-डी आणि बी-सी मध्ये. टोकांवरचे साल्ट ब्रिज गेले. टायरोसिन ४२ आणि अॅस्पार्टिक ९९ चा बंध गेला, आणि त्याच्या बदल्यात अल्फाचं अॅस्पार्टिक ९४ व बीटाचं अॅस्पराजिन १०२ यांच्यात नवा बंध आला. बीटाचं हिस्टिडीन ९७ आधी अल्फाच्या थ्रिओनिन ४१ आणि प्रोलिन ४४ यांच्या मध्ये होतं, ते एक पायरी सरकून थ्रिओनिन ३८ आणि ४१ यांच्या मध्ये जाऊन बसलं. अधलीमधली जागा नाही. एकतर इथे, नाहीतर तिथे.

वजाबाकीची यादी खरी आहे की योगायोग, हे तपासायला निसर्गाने प्रयोग करून ठेवलेत. बीटा ९९ चं अॅस्पार्टिक आम्ल बदलून अॅस्पराजिन झालं की त्याला हिमोग्लोबिन केम्प्सी म्हणतात. ऑक्सिजन सोडलेल्या रूपाचा बंध तुटतो, म्हणून ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं. बीटा १०२ ला अॅस्पराजिनच्या जागी थ्रिओनिन आलं की हिमोग्लोबिन कॅन्सस. इथे दुसऱ्या रूपाचा बंध तुटतो आणि ऑक्सिजनची ओढ कमी होते. माझ्या यादीत एक "गेला" आणि एक "आला" अशा दोन ओळी होत्या, आणि त्या दोन ओळींवर परस्परविरुद्ध लक्षणांचे रुग्ण जगात नोंदलेले आहेत. पडद्यावरच्या अंतराचं वजन एवढं स्पष्ट दाखवणारी दुसरी उदाहरणं माझ्या पाहण्यात थोडीच आहेत.

एवढं जमल्यावर २एचबीएस उघडली. आठ साखळ्या, ए ते एच, म्हणजे दोन टेट्रामर.

आधी मुद्दाम एकाच टेट्रामरच्या आतले संपर्क काढले आणि नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या यादीशी ताडून पाहिले. फरक नगण्य. बीटाच्या सुरुवातीच्या टोकाशी किरकोळ सरकासरक, बाकी तेच साल्ट ब्रिज, तीच हिस्टिडीन ९७ ची जागा. सहावी जागा पहिल्या हेलिक्सच्या सुरुवातीला आहे, रेणूच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याकडे तोंड करून. तिथे ग्लुटामिक असो की व्हॅलिन, आतल्या कुणाला पत्ता नाही. म्हणूनच हे हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरण्या-सोडण्याचं काम मुळात नीट करतं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युतभारातल्या फरकावरून या आजाराला रेणूचा आजार म्हटलं, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमनी तो फरक एका अमिनो आम्लावर आणून ठेवला. पण ते अमिनो आम्ल आपल्या घरात काहीच करत नाही. फक्त एका टेट्रामरची संपर्क-यादी कुणी मला दिली असती, तर त्यावरून आजार आहे असं मी म्हणूच शकले नसते.

म्हणून दुसरी यादी: पहिल्या चार साखळ्या एका बाजूला, नंतरच्या चार दुसऱ्या बाजूला, आणि फक्त या दोन गटांमधल्या जोड्या. तीही पुरत नाही, कारण फाइलीतल्या दोन टेट्रामरना स्फटिकात चहूबाजूंनी आणखी शेजारी असतात आणि ते फाइलीत नसतात. पायमॉल या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सममितीचे शेजारी तयार करणारी आज्ञा आहे. पाच अँगस्ट्रॉमच्या आत येणारे सगळे शेजारी तिच्याकडून उभे करून घेतले आणि यादी पुन्हा काढली. पडदा गच्च भरला. रंग देताना नाकी नऊ आले.

आता सहाव्या व्हॅलिनजवळ जाऊ. व्हॅलिनच्या बाजूच्या साखळीत तीनच जड अणू, सगळे कार्बन: एक बीटा कार्बन आणि त्याला फुटलेले दोन मिथाइल. समोर शेजारच्या टेट्रामरच्या बीटा साखळीतल्या ई आणि एफ या दोन हेलिक्सच्या मधला खळगा. खळग्याच्या भिंती म्हणजे फेनिलअॅलनिन ८५ चं सहा कार्बनचं वलय, ल्युसिन ८८ ची फांदी, आणि तळाशी अॅलनिन ७०. यादीतल्या या ओळींत दोन्हीकडे कार्बनच कार्बन. भार नाही, हायड्रोजन बंध नाही. व्हॅलिन पाणी झटकून त्या तेलकट खळग्यात शिरलंय, एवढाच प्रकार. जरा बाजूला पाहिलं तर त्याच साखळीतलं थ्रिओनिन ४ समोरच्या अॅस्पार्टिक ७३ शी हायड्रोजन बंधाने जोडलेलं. हा बंध किती कामाचा, याचाही नैसर्गिक पुरावा आहे. हिमोग्लोबिन सी-हार्लेममध्ये सहाव्या जागी व्हॅलिन असतंच, पण ७३ ला अॅस्पार्टिकऐवजी अॅस्पराजिन असतं, आणि तंतू व्हायला जास्त संहती लागते.

त्या खळग्यात ग्लुटामिक आम्ल कल्पून बघा. टोकाला ऋणभार, लांबी जास्त. भार असलेलं टोक पाणी सोडून कार्बनच्या भिंतींमध्ये जायला तयार होणार नाही. खळगा मात्र नेहमीच्या हिमोग्लोबिनमध्येही तसाच आहे, कारण ७०, ८५ आणि ८८ यांच्यात काही बदललेलंच नाही. चिकटणारं टोक नवीन आहे, चिकटायची जागा पहिल्यापासूनचीच. माझ्यापुरती ही या सगळ्या खटाटोपाची कमाई. वर्गात आम्ही कायम बदललेल्या अमिनो आम्लाकडेच बोट दाखवतो, आणि न बदललेल्या तिघांचं नावही घेत नाही.

आणखी एक गोष्ट यादीने दाखवली. एका टेट्रामरमध्ये दोन बीटा साखळ्या, म्हणजे दोन व्हॅलिन. या स्फटिकात टेट्रामर दोन रांगांच्या दुहेरी पट्ट्यात रचलेले असतात; त्याच्या या बाजू-बाजूच्या संपर्कात प्रत्येक टेट्रामरचं एकच व्हॅलिन गुंतलेलं असतं; दुसरं या खळग्याच्या खेळात नसतं. बाकीचे संपर्क पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने, एका टेट्रामरचा पुढच्याशी, आणि त्यात व्हॅलिनचा काही संबंध नाही. ग्लुटामिक १२१ हे अशाच भागातलं. उत्तर भारतात, विशेषतः पंजाबकडे आढळणारं हिमोग्लोबिन डी-पंजाब म्हणजे नेमकी याच १२१ची जागा ग्लुटामाइनने घेतलेली. एकट्याने ते फारसा त्रास देत नाही. पण एका पालकाकडून एस आणि दुसऱ्याकडून डी-पंजाब आलं, तर मूल सिकलसेलसारखंच आजारी पडतं. क्रमवारीत सहा आणि एकशे एकवीस यांचा काही संबंध दिसत नाही. संपर्क-यादीत दोघं एकाच बांधकामातले.

इथे शंका घ्यायला हवी, आणि मी घेतली. स्फटिकात रेणू एकमेकांना टेकणारच. त्याशिवाय स्फटिक होतच नाही. मग हा संपर्क आजाराचा की नुसत्या दाटीचा? पेशीतला तंतू १४ पट्ट्यांचा, म्हणजे सात दुहेरी जोड्यांचा, आणि पीळ घातलेला असतो. स्फटिकातले दुहेरी पट्टे सरळ असतात. त्यामुळे स्फटिकातला प्रत्येक संपर्क तंतूत जसाच्या तसा असेल असं म्हणता येत नाही. मी एक कसोटी लावली: त्या जागी बदल असलेलं एखादं हिमोग्लोबिन माहीत आहे का, आणि त्याने तंतू होण्यावर परिणाम होतो का? ७३ ला होतो, १२१ ला होतो. ज्या ओळींना असा आधार मिळाला नाही त्या मी यादीत ठेवल्या, पण फिकट रंगात.

ऑक्सिजन असताना का चिकटत नाही, हेही मग सहज कळलं. त्या १५ अंशांच्या फिरण्याने खळग्याची आणि दुसऱ्या बीटा साखळीच्या टोकाची सापेक्ष जागा बदलते, आणि हे सगळे संपर्क एकाच वेळी जुळून येत नाहीत. शिवाय यातला एकेक संपर्क तसा दुबळाच. पण लाल पेशीत हिमोग्लोबिनची दाटी दर डेसिलिटरला ३३-३४ ग्रॅम असते. एवढ्या गर्दीत दुबळे संपर्कही पुरतात. रुग्णाला भरपूर पाणी प्या म्हणून सांगतात ते काही उगाच नाही. पेशीतलं पाणी कमी झालं की ही दाटी आणखी वाढते.

आता बीटा ८७. खळग्याच्या काठावर, ८५ आणि ८८ यांच्या मध्येच ते आहे. बीटा साखळीत थ्रिओनिन, लहानसं. गर्भातल्या हिमोग्लोबिनच्या गॅमा साखळीत याच जागी ग्लुटामाइन आहे, आणि आपल्या रक्तात थोड्या प्रमाणात असणाऱ्या ए-टू हिमोग्लोबिनच्या डेल्टा साखळीतही ग्लुटामाइनच. ही दोन्ही हिमोग्लोबिनं तंतूत सामील होत नाहीत. हायड्रॉक्सियुरियाची गोळी सिकलसेलच्या रुग्णाला देतात ती मुख्यतः गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी. सिकलसेलच्या भारतात आढळणाऱ्या अरब-इंडियन प्रकारात गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, तरी विदर्भातले सगळे रुग्ण त्यामुळे सौम्य असतात असं अजिबात नाही. इथल्या वॉर्डात एक फेरी मारली तरी कळेल. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये सिकलसेलच्या ज्या दोन जनुकोपचारांना मान्यता मिळाली, त्यातल्या एकात रुग्णाच्या पेशींत बीटा साखळीचंच जनुक घालतात, फक्त ८७ ला थ्रिओनिनऐवजी ग्लुटामाइन करून. संपर्क-यादीतली एक ओळ वाचून केलेला बदल, असंच मला ते वाटतं. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेचा भर तपासणी आणि समुपदेशनावर आहे, आणि त्या उपचाराची किंमत पाहता दुसरं काही शक्यही नाही.

आता माझ्यासमोर १एफडीएच आहे, गर्भातल्या हिमोग्लोबिनचं ऑक्सिजन सोडलेलं रूप. तिची गॅमा साखळी २एचबीएसमधल्या खळगेवाल्या बीटा साखळीवर अल्फा कार्बन जुळवून बसवायची आणि ग्लुटामाइन ८७ शेजारच्या टेट्रामरच्या कोणाला आडवं येतं ते पाहायचं, असा बेत आहे. बसवणं सोपं आहे. अडचण ग्लुटामाइनच्या बाजूच्या साखळीची. ती पृष्ठभागावर आहे, तीन-चार प्रकारे वळू शकते, आणि फाइलीत त्यातलं एकच वळण नोंदलेलं. शिवाय तिच्या टोकाचा नायट्रोजन कुठला आणि ऑक्सिजन कुठला, हे अशा रचनेत नुसत्या इलेक्ट्रॉन घनतेवरून ठरवता येत नाही. शेजारी कोण आहे त्यावरून अंदाज करावा लागतो, आणि शेजारी कोण हाच तर इथे प्रश्न. म्हणून सगळी शक्य वळणं एकेक करून घालायची आणि प्रत्येकाची वेगळी यादी काढायची, असं ठरवलंय. काही वळणांत ते थेट आदळेल, काहींत सहज बाजूला होईल. आदळणाऱ्या वळणांचं प्रमाण जास्त निघेल असा माझा होरा आहे, पण पैज लावणार नाही.